मामींची बरणी

“ह्यात काय?” पोलिसानं बरणी हलवून विचारलं. विचारलं त्याच्या भाषेत, पण बरणी हलवून भुवया उडवल्यावर भाषा कशाला लागते?

तमिळनाडूच्या हद्दीवरचा नाका होता. कोरोनाचं पहिलं वर्ष, दिवाळी होऊन आठ दिवस झालेले. जीपवर चारी बाजूंनी औषधाचा फवारा मारून झाला होता, कपाळावर ते पिस्तूल रोखून ताप मोजून झाला होता, पास बघून झाला होता. आता सामान. ज्वारीच्या पिठाचा डबा, शेंगदाण्याची चटणी, खर्डा हे सगळं त्यानं सोडलं आणि मागच्या सीटवर मामींनी मांडीत धरलेली लोणच्याची बरणी तेवढी नेमकी मागून घेतली. फडकं सोडलं, झाकण काढलं. आत काळी, वाळलेली माती. काठोकाठ.

माझी तर बोबडीच वळली. विट्यापासून सातशे किलोमीटर ती बरणी माझ्या पाठीमागं होती आणि मी आपला लोणचं समजून खूश.

“मामी, काय हाय ह्यात?”

“माती हाय.” मामी म्हणजे माझ्या सासूबाई. तोंडाला मास्क, मास्कवर पदर, आणि पदराच्या वर माझ्यावर रोखलेले दोन डोळे.

“कसली माती?”

“तुमाला काय करायचंय? त्याला सांगा, माती हाय म्हणावं.”

आता परराज्यात, भर कोरोनात, बरणीभर माती कशाला नेताय ह्याचं उत्तर मला मराठीतसुद्धा देता आलं नसतं. पण मी पंधरा वर्षं विटा-आटपाडी वडाप चालवतोय, एका जीपमध्ये सोळा माणसं बसवून. पोलिसाला काय सांगावं ते मला आपोआप सुचतं. म्हणालो, “काढा, सर! काढा पावडर. कोरोना! इम्युनिटी!” आणि खोकून दाखवलं. मग बरणीकडं बोट करून खोकला पळाला असं हातानं दाखवलं.

खोकून दाखवायला नको होतं. चार जण मागं सरकले. पण काढा म्हटल्यावर साहेब एकदम मऊ झाला. त्यानं खिशातनं कागद काढला, पुढं धरला आणि काहीतरी बोलला. त्यातलं ‘अम्मा’ एवढं मला कळलं. आईसाठी मागत होता बिचारा. मी मोठ्या मनानं चांगली भरघोस चिमूट घालून पुडी बांधून दिली. आम्हाला सलाम ठोकून सोडला त्यानं.

गाडी हलली तशी मागनं मामी कडाडल्या, “का दिली वो? कुणाला इचारून दिली?”

“अवो मामी, मातीच हाय की.”

“माझी हाय ती,” म्हणाल्या, आणि सेलम येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

आम्ही निघालो कशाला होतो ते सांगतो. माझे सासरे हिंदुराव, त्यांना मी मामा म्हणतो, मदुराईला गलाईचं काम करायचे. आमच्या विटा-खानापूर भागात घरटी एक माणूस ह्या धंद्यात. सोनारांकडचं मोडीचं सोनं गाळून चोख करून द्यायचं, आणि त्यांच्या दुकानातला केर, राख, पाय पुसायचं गोणपाटसुद्धा जाळून त्यातनं सोन्याचा कण काढायचा. माणसं जातात भारतभर, बायका राहतात गावाला. मामा लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात मदुराईला गेले ते पंचेचाळीस वर्षं तिथंच. वर्षातनं दोनदा घरी यायचे, दिवाळीला आणि जत्रेला. आठ दिवस राहायचे, पोरांना कपडे घ्यायचे, की चालले परत.

त्या वर्षी जत्रा बुडाली, आणि दिवाळीलाही मामा आले नाहीत. हाताखालची दोन्ही माणसं लॉकडाऊनमध्ये गावी निघून आलेली. सदुसष्ट वर्षांचा माणूस त्या भट्टीपाशी एकटा. फोनवर म्हणाले, “पोंगल झाला की बघू.” पोंगल म्हणजे तिकडची संक्रांत.

मामींनी फोन ठेवला आणि मला बोलावणं धाडलं. “अधिकराव, तुमची जीप रिकामीच हाय न्हवं? मला मदुरंला न्या. ह्या खेपेला त्यास्नी कायमचं घिऊन यायचं. आले तर आले. न्हाई आले तर हितनं फुडं मी दाराकडं बघत बसायची न्हाई. संपलं.”

मामींचं बोलणं हे असं. पंचेचाळीस वर्षांत त्यांनी मदुराई बघितलं नव्हतं, पुण्याच्या पुढं गेल्या नव्हत्या. मी वैजूकडं, म्हणजे बायकोकडं, बघितलं. ती म्हणाली, “आईला नाही म्हणायचं असलं तर तुम्हीच म्हणा, मी म्हणणार नाही.” मग काय, टाकी फुल केली.

मदुराईत सोनारांच्या पेठेमागं एक बोळ आहे, त्यात मामांचं घर. पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत संसार, मध्ये पडदा. मामा दारात उभे होते. झुपकेदार पांढरी मिशी, आणि मिशी दबू नये म्हणून मास्क हनुवटीला. बायको जन्मात पहिल्यांदा आपल्या दारात आली म्हटल्यावर माणसानं काय बोलावं?

मामा म्हणाले, “आत येताना गोणपाटावर पाय झाडा. आन हात धुवा. अय्यो, नळावर न्हाई! पिंपात, पिंपात!”

दाराबाहेर गटारावर नळ होता, पण त्या नळाखाली गलाईवाला कधी हात धुवत नाही. हात धुवायचे ते दारातल्या पिंपावर. पाणी पिंपात साठतं, गाळ खाली बसतो, सहा महिन्यांनी गाळ उपसून भट्टीत घातला की त्यातनं कण निघतो. मामांनी पंचेचाळीस वर्षांत हातावरचा एक थेंब गटारात जाऊ दिला नव्हता. डोक्याला कंगवासुद्धा कागद अंथरून त्यावर करायचे.

आम्ही टेकतोय तोवर महापालिकेचा माणूस आला. परराज्यातनं आलात, चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही, असा कागद दारावर डकवून गेला. म्हणजे दोन खोल्या, तीन माणसं आणि एक पिंप. आणि कोरोनाची तऱ्हा तुम्हाला ठाऊकच आहे, तासाला हात धुवायचे. मी शिंकलो की मामा म्हणायचे, “पिंप!” दुधाच्या पिशवीला हात लावला की, “पिंप!” तिसऱ्या दिवशी पिंप भरून वाहायला लागलं. मामांनी धावत जाऊन मोठं पातेलं आणलं, आणि मग स्वयंपाकाला पातेलं नाही म्हणून मामींनी तोंड सोडलं.

“मला एक सांगा, मी हात धुतेय त्यात कुठलं आलं वो सोनं? मी काय भट्टीत बसतेय?”

“भट्टीच्या घरात ऱ्हातीस न्हवं? हवेत आसतंय.”

“मग नाकातबी गेलं आसंल. नाकबी पिंपात शिंकरू?”

मामांनी त्यावर खरंच विचार केला. मी तोंडात टॉवेल कोंबून हसत होतो.

शेजारी पेच्चियम्मा नावाची म्हातारी राहायची, मोगऱ्याचे गजरे विकणारी. आम्ही कोंडलेले म्हणून ती रोज सकाळी उंबऱ्यावर इडली ठेवायची आणि लांबनं विचारायची, “साप्टाच्चा?” जेवलात का. मामी मराठीत उत्तर द्यायच्या, ती तमिळमध्ये बोलायची, आणि अर्धा अर्धा तास दोघींच्या गप्पा चालायच्या. काय कळायचं त्यांना, देव जाणे. पण पाचव्या दिवशी एक गोष्ट झाली. मामींनी झुणका-भाकरी केली होती, ठेचा केला होता, गावाकडनं आणलेलं कांद्याचं तिखट घातलं होतं. मामांनी दोन घास खाल्ले, छान आहे म्हणाले, आणि ताट बाजूला सारून पेच्चियम्मानं दिलेला दहीभात पुढ्यात ओढला. सवयीनं. काही मनात धरून नाही.

मागनं भांडी घासताना मामी मला म्हणाल्या, “वैजूच्या वडलांस्नी दहीभात आवडतोय. मला कुटं म्हाईत हुतं? शेजारणीला म्हाईत हाय.” आणि तवा असा घासला की त्याचं बूड निघायचं बाकी राहिलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी सरळ विचारलं, “येताय का न्हाई घरला?”

“पोंगल झाला की,” मामा म्हणाले.

“कंच्या सालचा?”

मामा उठून भट्टी झाडायला लागले. भट्टी आठ महिने नीट पेटली नव्हती. सोनारांची दुकानं नुकती उघडलेली, काम कुठलं? तरी रोज झाडायचे. मी जाऊन शेजारी बसलो. म्हटलं, जावयाचं काहीतरी ऐकतील.

“मामा, हितं काय ठेवलंय आता? चला की.”

त्यांनी पडद्याकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “अधिकराव, तुमाला म्हणून सांगतो. गावात मी पाव्हणा हाय. गेलो की ती फडताळातनं चांगलं ताट काढतीय, नवा टॉवेल देतीय. नातवंडं लाजून आईच्या मागं लपत्यात. तिसऱ्या दिवशी शेजारी इचारतोय, ‘कवा निघालासा?’ तिथं म्हशीची दोरी कुठं टांगायची ते मला ठावं न्हाई. हितं निदान गल्लीतलं कुत्रं वळखतंय.”

मला वाईट वाटलं. वडापला बसणारी गलाईची माणसं मी हजारदा स्टँडवर सोडली असतील, त्यांचं हे असलं काही असतं ते मला कधी सुचलं नव्हतं.

दिवस गेले. बाराव्या दिवशी मामींनी पुन्हा विचारलं, पुन्हा पोंगल. तेराव्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मामींनी ती लोणच्याची बरणी आणली आणि मामांच्या पुढ्यात ठेवली.

“अवो, हे तेवढं गाळून द्या.”

“काय हाय?”

“केर. गावाकडच्या एका वळखीच्या बाईचा हाय. तुमी मदुरंला चाललाय तर गाळून आणा म्हणाली.”

मी मान वळवून मामींकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघायचं टाळलं. मामांचा चेहरा मात्र उजळला. आठ महिन्यांनी काम आलं होतं! त्यांनी चिमूट घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. “साबणाचा वास मारतोय. कापडं धुतल्याचा गाळ हाय हा. बाई हुशार दिसतीय. कुठल्या दुकानाची?”

“जुनं दुकान हाय. पंचेचाळीस वर्सांचं.”

“मग निघंल की चांगलं! अधिकराव, ते घमेलं आणा.”

मी घमेलं आणलं. मामांनी तो गाळ भाजला, जाळला, कुटला. त्यात टाकणखार घातला, आणखी काय काय घातलं, मुशीत भरलं आणि भट्टीला वारा दिला. एरवी पाय ओढत चालणारा माणूस, पण त्या दिवशी हात कसे चालत होते! आगीचा रंग बघून नुसती मान हलवायचे, चिमट्यानं मूस उचलायचे, थेंब सांडायचा नाही. मामी स्टुलावर बसून बघत होत्या. नवऱ्याला काम करताना त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या.

“लांब बस. तेजाबाची वाफ लागंल,” मामा म्हणाले.

“लागू द्या,” मामी म्हणाल्या आणि हलल्या नाहीत.

दुपार झाली. मामांनी शेवटी मूस उलटी केली, निववली, धुतली आणि तळहात माझ्यापुढं धरला. तळहातावर एक मणी. ज्वारीच्या दाण्याएवढा, पण पिवळाधमक.

मामांनी तो उलटासुलटा केला. कपाळाला आठी पडली. “एवढंच? पंचेचाळीस वर्सांच्या दुकानाचं एवढंच?” त्यांनी मामींकडं बघितलं. “काय गं, मालक दुकानात बसत न्हवता का काय?”

“न्हाई,” मामी म्हणाल्या. “वर्सातनं दोनदा यायचा. दिवाळीला आन जत्रंला.”

भट्टीचा पंखा तेवढा चालू होता. मामांनी तो बंद केला नाही, कुणीच केला नाही.

“तुमच्या आईनं सांगितलं हुतं,” मामी म्हणाल्या. “लगीन झाल्यावर पैल्या दिवाळीला तुमी आला तवा. गलाईवाल्याच्या कापडाचं पाणी गटारात सोडायचं नसतंय म्हणाल्या. तवापासनं तुमी आला की अंगावरची कापडं मी घमेल्यात धुतेय. पाणी निवळलं की खालचा गाळ बरणीत. एक दिवाळी चुकवली न्हाई. यंदा काय घालायला न्हवतं. बरणीकडं बघत बसले. म्हटलं, आपला माणूस आपल्या वाट्याला किती आला, ते एकदा त्याच्याकडनंच गाळून घ्यावं.”

मामा मण्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, “एवढाच व्हय गं मी?”

“तेवढाच. आन त्यातली एक चिमूट ह्या अधिकरावांनी पोलिसाला वाटली.”

मला हसावं का रडावं कळेना. नाक ओढलं आणि सवयीनं पिंपाकडं गेलो. त्या क्षणी तिथं काहीतरी काम असणं मला फार गरजेचं वाटलं.

“तिथं येऊन मी करू काय पर?” मामांचा आवाज माझ्या पाठीमागं अगदी लहान झाला होता. “पाव्हण्यासारखं...”

“ऐकलंय मी ते, पडद्यामागनं. पाव्हण्यासारखं येताय म्हणून चांगलं ताट काढतेय. ऱ्हायला आला तर रोजचं जर्मनचं ताट मिळंल, तेबी आपलं आपण घासून ठेवायचं. म्हशीची दोरी दाराच्या मागं खुंटीला आसतीय. दहीभात करीन. आन आता मी इचारायची न्हाई. उद्या हा कागद सुटतोय, आमी निघतोय.”

त्या मण्याचं काय झालं असं लोक मला विचारतात. ह्याला आता पाच वर्षं होत आली. मामी एवढ्या कडक, पण तो मणी मंगळसूत्रात मधोमध ओवून घेतला आहे आणि कुणी बघितलं की म्हणतात, “थोडा आजून मोठा झाला आसता, पर जावई उदार निघाले.” सगळ्या पै-पाहुण्यांत माझी ही अशी अब्रू. त्या पोलिसाची आई काढा पिऊन बरी आहे ना, हे मात्र मला अधूनमधून आठवतं.

पण ती शेवटची सकाळ सांगायची राहिली.

सामान जीपमध्ये भरलं. मामी रिकामी बरणी मांडीत घेऊन मागच्या सीटवर बसल्या, दार उघडं ठेवून. पेच्चियम्मानं लांबनंच गजरा टाकला, तो त्यांनी हसून झेलला. मामांनी रात्रीपासून हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. मामी कबूल केल्याप्रमाणं विचारत नव्हत्या. समोर बघत होत्या. दाराकडं बघायचं नाही म्हणाल्या होत्या, बघत नव्हत्या. मी आपला टायर बघ, पाणी बघ, पुन्हा टायर बघ, असा वेळ काढत होतो.

आतनं मघापासून भट्टी खरवडल्याचा आवाज येत होता, तो थांबला आणि मामा बाहेर आले. भट्टीतली सगळी राख काढून टाकली होती त्यांनी. कोपरापर्यंत हात काळे, मिशीलाही राख. मला वाटलं, निरोप द्यायला आले. आता हजार किलोमीटर ह्या बाईला मागं बसवून मी कसा नेऊ?

मामा पिंपापाशी आले आणि थांबले. आत वाकून बघितलं. मग पिंप ओलांडून पुढं आले, गटारावरच्या नळाखाली हात धरले आणि चावी सोडली.

माझ्या तोंडातनं निघूनच गेलं, “मामा, पिंप!”

त्यांनी लक्ष दिलं नाही. काळं पाणी धो धो गटारात चाललं होतं. उन्हात त्यात काहीतरी चकाकलं आणि वाहून गेलं. मामा हात चोळत उभे होते, आणि गटाराकडं बघत नव्हते.

मामींनी तेव्हा मान वळवली. किती वेळ त्या हातांकडं बघितलं. डोळ्यांना पदर लावला, मग पदर खाली केला, आणि आतनंच ओरडल्या:

“साबण लावा की वो! नुसतं पाण्यानं कोरोना जातोय व्हय?”